छातीत पुन्हा पुन्हा पाणी होतंय? मेसोथेलिओमाच्या पेशंटसाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी

मामाच्या छातीतून पहिल्यांदा पाणी काढलं तेव्हा मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. खाली ठेवलेल्या काचेच्या बाटलीत कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी जमत होतं. सव्वा लिटर निघालं. मामाला लगेच मोकळं वाटलं, संध्याकाळी त्याने पोटभर वरणभात खाल्ला. डॉक्टर म्हणाले, "टीबीचं पाणी दिसतंय, सहा महिन्यांचा कोर्स करू." आम्हालाही हायसं वाटलं, कारण टीबी बरा होतो.

मामाला टीबी नव्हता, फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर होता. हे कळायला पाच महिने गेले, आणि त्या पाच महिन्यांत कुणीही, आम्ही घरच्यांनीसुद्धा, एक साधी गोष्ट विचारली नाही: मामा तरुणपणी नेमकं काय काम करायचा? हा लेख त्या प्रश्नापासून सुरू होतो. पुढचं सगळं मी मामाच्या आजारपणात आणि नंतर डॉक्टरांना विचारून, वाचून शिकले. उपचार तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यासमोर बसताना तुमच्या हातात काय असावं आणि तोंडी कोणते प्रश्न असावेत, एवढंच मी सांगू शकते.

आजार नेमका कुठे असतो

फुप्फुसाभोवती दोन पदरांचं पातळ आवरण असतं. एक पदर फुप्फुसाला चिकटलेला, दुसरा बरगड्यांच्या आतल्या बाजूला. दोन्हींमध्ये चमचाभर ओलावा असतो, म्हणून श्वास घेताना फुप्फुस न घासता सरकतं. या आवरणाला डॉक्टर प्ल्युरा म्हणतात. त्याच्या अस्तराच्या पेशींपासून होणारा कॅन्सर म्हणजे प्ल्युरल मेसोथेलिओमा. पुष्कळदा तो फुप्फुसाचा कॅन्सर म्हणूनच सांगितला जातो, पण दोन्ही आजार वेगळे, त्यांची औषधंही बरीचशी वेगळी. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये बहुधा एका जागी गाठ असते. मेसोथेलिओमा सायीसारखा पसरतो आणि हळूहळू फुप्फुसाला जाड, कडक कवचात आवळून टाकतो. त्याचा विडी-सिगारेटशी संबंध नाही. मामाने आयुष्यात विडी ओढली नव्हती, त्यामुळे "याला कसा कॅन्सर होईल" असं आम्हीच एकमेकांना सांगत राहिलो.

मुख्य कारण अॅस्बेस्टॉस. दगडातून निघणारे हे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक असतात. श्वासाबरोबर आत जातात, फुप्फुसातून सरकत आवरणापर्यंत पोचतात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. तिथे वर्षानुवर्षं दाह चालू राहतो. आजार उघडा पडायला साधारण २० ते ५० वर्षं लागतात. १९६० साली वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातल्या निळ्या अॅस्बेस्टॉसच्या खाणपट्ट्यातल्या ३३ पेशंटची हकीकत छापली, तेव्हा हा संबंध जगापुढे पक्का आला. त्या ३३ जणांत खाणीत कधीच काम न केलेलेही होते. कुणी त्या परिसरात नुसतं राहिलेलं, कुणी लहानपणी खाणीच्या ढिगाऱ्यांवर खेळलेलं.

पांढरा अॅस्बेस्टॉस निर्धोक असतो असं अजूनही सांगितलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सगळ्याच प्रकारच्या अॅस्बेस्टॉसला कॅन्सर करणारा मानते. युरोपीय संघाने २००५ मध्ये आणि कॅनडाने २०१८ मध्ये त्यावर बंदी घातली. आपल्याकडे तो खाणीतून काढणं थांबलं, पण बाहेरून आणून वापरणं चालू आहे. छपराचे सिमेंटचे पत्रे त्याचेच.

पहिली पायरी: कामाचा इतिहास कागदावर उतरवा

हे काम तपासण्यांच्या आधी करा आणि पेशंटला दम लागत नसेल अशा सकाळच्या वेळी करा. आम्ही मामाजवळ बसून कालनिर्णयच्या एका जुन्या पानामागे लिहून काढलं. नुसतं "गिरणीत होतो" एवढ्यावर थांबू नका. कुठलं खातं, हाताने काय करायचं, धूळ कसली, कपडे कुठे बदलायचे, हे विचारा.

मामा १९६७ साली एकोणिसाव्या वर्षी गिरणीत लागला. आम्हाला वाटायचं, साच्यावर असेल. तो बॉयलर खात्यात होता. वाफेच्या पायपांना गरम राहण्यासाठी गुंडाळी घालायचं काम, त्याला तो 'लॅगिंग' म्हणायचा. "पांढरी पावडर यायची पोत्यातून," मामा म्हणाला. "घमेल्यात पाणी घालून कणीक मळतात तशी हाताने कालवायची आणि पायपावर थापायची. जुनं लॅगिंग काढताना तर काय, हातोड्याने ठोकायचं. सगळं खातं पांढरं. जेवायला बसलो की एकमेकांच्या भुवया झटकायचो." हे सांगताना त्याने उजव्या हाताने हवेत पायपाची गोलाई काढून दाखवली, पन्नास वर्षांनीही हाताला ती आठवत होती. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मामा पुन्हा गिरणीत गेला नाही. पंधरा वर्षं ती पावडर आणि नंतर छत्तीस वर्षं शांतता. २०१८ च्या जूनमध्ये चाळीचे तीन जिने चढताना त्याला धाप लागली.

अशी कामं आपल्याकडे पुष्कळ आहेत: गोदीतली जहाजदुरुस्ती आणि जहाजं तोडणं, रेल्वेची वर्कशॉप, औष्णिक वीज केंद्रांतली बॉयलरची आणि टर्बाइनची देखभाल, सिमेंटचे पत्रे आणि पाइप बनवणारे कारखाने, भट्ट्यांची अॅस्बेस्टॉस दोरी आणि गॅस्केट कापणं, जुन्या ब्रेक लायनिंगची धूळ फुंकून साफ करणारी गॅरेजं, जुन्या इमारती पाडणं. ठेकेदाराकडे रोजंदारीवर असलेल्यांचा इतिहास सगळ्यात आधी हरवतो, म्हणून ठेकेदाराचं नावही लिहा.

आणि घरातल्या बायकांना विचारायला विसरू नका. मामी रोज मामाचे कामाचे कपडे धुण्याआधी गॅलरीत झटकायची. धूळ घरात अशीच येते, आणि नवऱ्याच्या कपड्यांवरच्या धुळीने हा आजार झालेल्या बायकांची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत.

लिहिलेल्या कागदाच्या तीन झेरॉक्स काढा. एक प्रत प्रत्येक नव्या डॉक्टरच्या हातात पहिल्याच भेटीत द्या. आमच्याबाबतीत मोठ्या हॉस्पिटलातल्या एका तरुण निवासी डॉक्टरने "आजोबा, काम काय करायचात?" असं विचारलं आणि त्या एका प्रश्नाने केसचा रोख बदलला.

दुसरी पायरी: टीबीचं निदान कशावर झालं ते विचारा

इथे मला डॉक्टरांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. आपल्या देशात छातीत पाणी झालं की टीबीचा विचार आधी करणं चूक नाही. तरुण पेशंट, संध्याकाळचा ताप, पाण्यात लिम्फोसाइट पेशी जास्त, एडीए नावाची तपासणी ४० च्या वर, असं चित्र असेल तर बहुधा टीबीच असतो आणि गोळ्यांनी पेशंट खडखडीत बरा होतो. प्रश्न येतो तो चित्र न जुळणाऱ्या पेशंटचा. मामाचं वय सत्तर होतं, ताप कधीच नव्हता, एडीए ४४ आलं होतं. एडीए थोडं वाढणं कॅन्सरच्या पाण्यातही दिसू शकतं. टीबीचा जंतू कुणी पाहिला नव्हता. तरी एकेटीच्या, म्हणजे टीबीच्या, गोळ्या सुरू झाल्या. त्या काळात पाणी आणखी दोनदा भरलं, वजन सात किलो उतरलं, आणि दर वेळी आम्हाला "औषध लागू पडायला वेळ लागतो" असं सांगितलं गेलं.

तुमच्या घरी टीबीच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून बंद करू नका, खरंच टीबी असेल तर ते महागात पडेल. पण खालच्यातलं काही दिसत असेल तर छातीविकार तज्ज्ञाकडे जा आणि "आवरणाचा तुकडा तपासायला हवा का?" असं सरळ विचारा:

- पाणी काढल्यावर काही आठवड्यांत पुन्हा त्याच बाजूला भरतंय.
- बरगड्यांत किंवा खांद्याच्या फऱ्यामागे बोथट, सतत ठणकणारं दुखणं आहे आणि त्याने झोप मोडते.
- दीडदोन महिने गोळ्या घेऊनही वजन आणि भूक घसरतेच आहे.
- कामाच्या इतिहासात अॅस्बेस्टॉस आहे. ही एक गोष्ट असली तरी पुरे.

साधा एक्स-रे पाणी दाखवतो, पण पाण्यामागचं झाकून टाकतो. म्हणून पाणी काढल्यावर कॉन्ट्रास्ट घालून छातीचा सीटी स्कॅन लागतो. रिपोर्ट हातात आला की त्यात चार गोष्टी शोधा: आवरण सगळीकडून वेढा घातल्यासारखं जाड झालंय का, त्यावर गाठीगाठी आहेत का, जाडी एका सेंटिमीटरच्या वर आहे का, आणि हृदयाकडच्या बाजूचं आवरणही जाड आहे का. यातलं काही असेल तर कॅन्सरचा संशय बळावतो. तो मेसोथेलिओमाच असेल असं नाही, दुसऱ्या अवयवाचा कॅन्सरही आवरणावर पसरतो. उलट 'प्ल्युरल प्लाक' एवढंच लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका. ते अॅस्बेस्टॉसच्या जुन्या खुणांचे चट्टे असतात, कॅन्सर नव्हे.

तिसरी पायरी: तुकडा घेतल्याशिवाय निदान नाही

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा. सुईने काढलेल्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत म्हणजे कॅन्सर नाही, असा अर्थ होत नाही. या आजारात पाण्याची तपासणी पुष्कळ वेळा कोरी येते. काही प्रकारांत पेशी पाण्यात गळतच नाहीत. तेच पाणी तिसऱ्या-चौथ्यांदा तपासायला पाठवण्यात फक्त दिवस जातात.

तुकडा दोन तऱ्हांनी घेतात. एक, सीटी किंवा सोनोग्राफीत बघत जाड जागी सुई घालून. दुसरी, छातीला छोटं भोक पाडून आत दुर्बीण घालून. तिला थोरॅकोस्कोपी म्हणतात. दुर्बिणीचा फायदा असा की डॉक्टरांना आवरण डोळ्यांनी दिसतं, दोनतीन जागचे मोठे तुकडे घेता येतात, आणि त्याच वेळी सगळं पाणीही काढता येतं. मामाची दुर्बीण अर्ध्या तासात झाली. नंतर छातीत नळी होती, तिचं दुखणं मात्र त्याला तीन दिवस पुरलं.

एक व्यवहाराची गोष्ट. पाणी पुन्हा भरू नये म्हणून दुर्बिणीच्या वेळीच आत टाल्क पावडर सोडतात. टाल्कनंतर ती जागा पेट स्कॅनमध्ये (अंगात कॅन्सर कुठे आहे ते चमकवून दाखवणारी तपासणी) महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चमकत राहते आणि आजार कुठला, पावडर कुठली, हे कळेनासं होतं. पेट स्कॅन करायचा विचार असेल तर तो टाल्कच्या आधी करावा का, हे विचारून घ्या.

तुकड्याच्या रिपोर्टमध्ये 'मेसोथेलिओमा' एवढं लिहून भागत नाही. पेशींवर विशिष्ट रंग चढवून बघतात, त्याला आयएचसी म्हणतात. कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१, डी२-४०, सीके ५/६ हे मेसोथेलिओमाच्या बाजूचे. टीटीएफ-१, क्लॉडिन-४ हे त्याच्या विरोधातले, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा दुसऱ्या कॅन्सरकडे बोट दाखवणारे. दोन्ही बाजूंचे किमान दोनदोन रंग केलेले असावेत. बॅप-१ हे प्रथिन पेशींतून नाहीसं झालेलं दिसलं तर साधी सूज नसून कॅन्सर आहे, हे ठरवायला मदत होते.

त्यानंतर प्रकार बघा. एपिथेलिऑइड हा सगळ्यात जास्त आढळणारा आणि त्यातल्या त्यात सौम्य. सार्कोमॅटॉइड सगळ्यात दांडगा, त्याच्या पेशी स्नायू-चरबीसारख्या मऊ ऊतींच्या कॅन्सरसारख्या लांबट दिसतात. बायफेजिक म्हणजे दोन्हींची सरमिसळ. प्रकारावरून औषध बदलतं, म्हणून रिपोर्टमध्ये तो लिहिलेला नसेल तर मागून घ्या. आजार दुर्मिळ आहे, पॅथॉलॉजिस्टला वर्षातून एखादाच दिसत असेल. मोठ्या कॅन्सर केंद्रात स्लाइड पुन्हा वाचून घेण्यात कुणाचा अपमान नाही.

कुठे जायचं, सोबत काय न्यायचं

परळचं टाटा मेमोरियल सगळ्यांना माहीत आहे. तिथे जनरल आणि प्रायव्हेट अशा दोन प्रकारे नाव नोंदवता येतं, जनरलमध्ये खर्च खूप कमी येतो, रांग मोठी असते. पिशवीत हे हवंच: बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड, सीटीची सीडी, सगळी डिस्चार्ज कार्डं, चालू गोळ्यांची पाकिटं, आधार आणि रेशनकार्ड, आणि कामाचा तो कागद. ब्लॉक हे पेशंटचे असतात, जिथे बायोप्सी झाली तिथून अर्ज देऊन ते मिळतात. नुसता टाइप केलेला रिपोर्ट घेऊन गेलात तर परत पाठवतील.

बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती हे जुने आधार आहेत, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन लवकर चौकशी करा. उपचारांचा आराखडा मोठ्या केंद्रात ठरवून प्रत्यक्ष केमो घराजवळ घेता येते का, हेही विचारा. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल किंवा नागपूरची राष्ट्रीय कर्करोग संस्था, अशा ठिकाणी हे जमू शकतं. दर तीन आठवड्यांनी पेशंटला रात्रीच्या एसटीने मुंबईला आणण्याने तो केमोपेक्षा जास्त खचतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कोणतं औषध बसतं ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला केमोच्या आधी विचारा, बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

उपचार: काय मिळतं, काय मिळत नाही

हा आजार बहुतेकांच्या बाबतीत बरा होत नाही. हे मला लिहायला जड जातंय, पण आमच्यापासून ते दोन महिने लपवलं गेलं आणि त्या दोन महिन्यांत मामाला गावी जायचं राहून गेलं. उपचारांनी आयुष्य वाढतं, दम आणि दुखणं कमी होतं, आणि काही जण सरासरीपेक्षा बरंच जास्त जगतात.

केमो. पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन (किडनी किंवा कान कमजोर असतील तर कार्बोप्लॅटिन), दर २१ दिवसांनी, ४ ते ६ वेळा. २००३ साली छापलेल्या मोठ्या चाचणीत नुसत्या सिस्प्लॅटिनवर पेशंटचं मध्यक आयुष्य (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) ९.३ महिने होतं, दोन्ही औषधांवर १२.१. पेमेट्रेक्सेडचे भारतीय जेनेरिक मिळतात, किमतीत मोठा फरक असतो. त्याच्याबरोबर दोन जीवनसत्त्वं टाळायचीच नाहीत: फॉलिक अॅसिडची रोजची गोळी पहिल्या केमोच्या साधारण आठवडाभर आधीपासून शेवटच्या केमोनंतर तीन आठवड्यांपर्यंत, आणि बी-१२ चं इंजेक्शन आधी एक व पुढे दर नऊ आठवड्यांनी. ती नसली तर तोंड सोलून निघतं आणि रक्तातल्या पेशी घसरतात. "जीवनसत्त्वच तर आहे" म्हणून मामीने एकदा फॉलिक अॅसिड संपल्यावर आणलं नव्हतं. सांगितलेलं नसलं की असंच होतं. पुरळ येऊ नये म्हणून केमोच्या आदल्या, त्या आणि दुसऱ्या दिवशी स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. आयब्रुफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या केमोच्या आसपास विचारल्याशिवाय घेऊ नका, त्या किडनीवर ताण टाकतात आणि औषध अंगात साचतं.

घरात थर्मामीटर ठेवा. केमोनंतर ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही.

इम्युनोथेरपी. निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही जोडी. २०२० मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. चाचणीत मध्यक आयुष्य केमोवर १४.१ महिने आणि या जोडीवर १८.१ महिने होतं. एपिथेलिऑइड सोडून बाकीच्या प्रकारांत फरक फार ठळक होता: ८.८ विरुद्ध १८.१. म्हणजे तुकड्याच्या रिपोर्टमध्ये सार्कोमॅटॉइड किंवा बायफेजिक असेल तर हा प्रश्न नक्की विचारा. औषध अतिशय महाग आहे. कर्ज काढण्याआधी डॉक्टरांना विचारा की आमच्या प्रकारात किती फायदा अपेक्षित आहे, कंपनीची मदत योजना किंवा कुठे चाचणी चालू आहे का. या औषधाने शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटू शकते. जुलाब, अचानक वाढलेला दम, काविळीसारखे डोळे, काहीही झालं तरी "इम्युनोथेरपी चालू आहे" हे गावातल्या डॉक्टरलाही सांगा.

ऑपरेशन. "काढून टाका ना एकदाचं," असं प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतं, आमच्याकडे मीच म्हटलं होतं. पण आजार सायीसारखा पसरलेला असल्याने तो मुळापासून निघत नाही. ब्रिटनमधल्या मार्स-२ चाचणीत निम्म्या पेशंटना केमोसोबत आवरण खरवडून काढण्याचं मोठं ऑपरेशन केलं, निम्म्यांना फक्त केमो. २०२४ साली निकाल छापला: ऑपरेशनवाल्यांचं मध्यक आयुष्य १९.३ महिने, बिनऑपरेशनवाल्यांचं २४.८. त्यामुळे कुणी घाईने मोठं ऑपरेशन सुचवत असेल तर कॅन्सर केंद्रातल्या ट्यूमर बोर्डाचं, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीचं, मत घेतल्याशिवाय सही करू नका.

रेडिएशन मुख्यतः एखाद्या दुखऱ्या गाठीवर, वेदना कमी करायला देतात.

पाणी आणि दम: रोजचं जगणं इथेच ठरतं

केमोच्या आकड्यांपेक्षा मामाला महत्त्वाचं होतं ते झोप लागणं. आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून तो खुर्चीत बसून, पुढे टेबलावर उशी ठेवून तिच्यावर डोकं टेकून झोपायचा. ही बसण्याची पद्धत खरोखर उपयोगी आहे. समोरून टेबलफॅनचं वारं चेहऱ्यावर घ्या, त्यानेही दम कमी भासतो.

पाणी परत परत भरत असेल तर दर वेळी सुई टोचण्याऐवजी दोन मार्ग आहेत. टाल्क पावडरने दोन पदर चिकटवून टाकणं, याला प्ल्युरोडेसिस म्हणतात. पाणी काढल्यावर फुप्फुस पूर्ण फुलत असेल तरच ते जमतं. फुप्फुस कवचात अडकून फुलत नसेल तर त्वचेखालून एक मऊ नळी कायमची बसवतात आणि घरीच बाटली जोडून पाणी काढायचं. आम्हाला ती नळी बसवली. नर्सने मामीला दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा मामीने स्वतः केलं: आधी साबणाने हात, मग झाकण स्पिरिटने पुसायचं, बाटली लावायची, खोकला किंवा छातीत ओढ सुरू झाली की तिथेच थांबायचं. ठरवून दिलं होतं त्याहून जास्त कधी काढायचं नाही. नळीभोवती लाली, पू किंवा ताप दिसला तर लगेच दाखवायचं. किती पाणी निघालं ते मामी दारामागच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायची.

दुखण्यासाठी मॉर्फिनला घाबरू नका. "मॉर्फिन म्हणजे शेवट" हे आमच्या घरातलं वाक्य मामाला तीन आठवडे विनाकारण तळमळत ठेवून गेलं. कमी मात्रेतलं मॉर्फिन काहींचा दमही कमी करू शकतं आणि डॉक्टरांच्या देखरेखीत सुरक्षित असतं. त्याच्याबरोबर बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. मॉर्फिन सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाही, ते पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या, विभागात मिळतं, आणि त्या विभागात निदान झाल्यापासूनच नाव घाला. तो मरणाच्या दारातल्यांसाठीच असतो, हा मोठा गैरसमज आहे.

नुकसानभरपाईचे कागद

अंगात त्राण नसताना हे नको वाटतं, तरी घरातल्या एकाने हे काम अंगावर घ्यावं. अॅस्बेस्टॉसमुळे झालेला मेसोथेलिओमा हा कर्मचारी भरपाईच्या जुन्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. तशा कामावर सलग सहा महिने असल्याचं दाखवता आलं तर आजार कामामुळेच झाला असं कायदा धरून चालतो. ईएसआयचे (कामगार राज्य विमा योजनेचे) सभासद असाल तर त्या मार्गाने. दाव्याला साधारण दोन वर्षांची मुदत असते, म्हणून निदान झालं की कामगार वकिलाला किंवा युनियनला भेटा. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने जुने कायदे आपल्यात घेतले आहेत, दावा आता कुठल्या कलमाखाली करायचा ते त्यांच्याकडूनच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अॅस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलं होतं की कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामावर लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यापासून १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर ठेवा. कारखाना चालू असेल तर त्या नोंदी लेखी मागा.

कंपनी बंद पडली असेल तर वाट खडतर आहे, ते झाकून ठेवणार नाही. पुरावा म्हणून पीएफची स्लिप, ईएसआय कार्ड, हजेरी तिकीट, पगाराची चिठ्ठी, सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं चालतात. गिरणी कामगारांच्या घरी ही फाइल बहुधा तयारच असते: म्हाडाच्या घराच्या सोडतीसाठी जमवलेली. आमच्याकडेही तीच सापडली, मामाच्या तिकीट नंबरासकट. डॉक्टरांकडून केस पेपरवर आणि डिस्चार्ज कार्डावर कामाचा इतिहास लिहून घ्या, आणि पेशंट गेल्यास मृत्यूच्या दाखल्यावर आजाराचं पूर्ण नाव येईल असं बघा. 'हृदयक्रिया बंद' एवढंच लिहिलं की दावा तिथेच लटकतो.

घरातल्यांनी काय करायचं

हा संसर्गजन्य आजार नाही. ताट वेगळं, खोली वेगळी करायची गरज नाही, नातवंडांना मांडीवर बसू द्या.

छपराला सिमेंटचे पत्रे असतील तर शाबूत पत्र्याखाली राहिल्याने लगेच काही होत नाही. धोका तो फोडताना, कापताना, भोक पाडताना. मे महिन्यात पावसाळ्याआधी पत्रे बदलायची घाई असते आणि पोरं फुटके तुकडे गोळा करतात, तेव्हा काळजी घ्या: पत्रा आधी पाण्याने भिजवा, अखंड उतरवा, कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या. चुरा अंगणात भर म्हणून घालू नका. कापडी मास्क या तंतूंना अडवत नाही.

मामा निदानानंतर चौदा महिने होता. मामी आता चौऱ्याहत्तरची आहे. तिच्यासारख्या धूळ अंगावर घेतलेल्या पण ठणठणीत माणसांनी दर वर्षी सीटी काढावा, असा फायदा सिद्ध झालेला नाही, म्हणून आम्ही तो काढत नाही. पण खोकला किंवा दम तीन आठवड्यांच्या वर टिकला की ती दवाखान्यात जाते आणि नाव-वय सांगायच्याही आधी सांगते, "माझ्या मालकांचे गिरणीतले कपडे मी पंधरा वर्षं झटकलेत. लिहून घ्या."